पुढच्या खोलीतला विमानतळ

जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आडवं लावलं की त्याचा काउंटर होई. त्याच्या अलीकडे फरशीवर पिवळी चिकटपट्टी होती, वायरमन वापरतात तसली. ती कायमची होती, आणि फरशी पुसून पुसून तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या. खिडकीकडे एकामागे एक मांडलेल्या खुर्च्या म्हणजे विमान. बेकरीतून मागून आणलेले पत्र्याचे ट्रे म्हणजे सामानाची तपासणी. त्यात घड्याळ, पट्टा, किल्ल्या, चष्म्याचं घर आणि शेवटी, जरा लाजत, चपला ठेवायच्या. न्हाणीघराच्या दाराला काकूंनी मुद्दाम सरकती कडी बसवून घेतली होती. विमानातली कडी उघडता येईल की नाही या धास्तीने म्हाताऱ्या बायका निघण्याच्या आदल्या दिवसापासून पाणी पीत नाहीत, हे त्यांना परत आलेल्या एका बाईने सांगितलं होतं.

गल्लीत त्यांना ‘एअरपोर्टवाल्या काकू’ म्हणत. त्या स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसस्थानकावर काचेच्या खोलीत, माइकसमोर काढली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे हे सांगणं एवढंच काम. निवृत्तीनंतर आवाज उरला होता आणि ऐकायला कोणी नव्हतं. परदेशी निघालेल्या म्हाताऱ्या माणसांनी ती सोय केली. काकू स्वयंपाकघरात जात, स्टीलचा पेला तोंडाशी धरत आणि घुमत्या आवाजात गेट बदलल्याची घोषणा करत. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कोण उठतो आणि कोण तसाच खिडकीबाहेर बघत राहतो, हे त्या दाराच्या फटीतून बघायच्या. जो उठला नाही त्याचं विमान गेलं.

“तुमचं गेलं हो विमान,” त्या बाहेर येऊन सांगत. “आता काय करणार?”

“तुमच्याकडे चहा पिऊन घरी जाणार,” गिरणीवाले आजोबा एकदा म्हणाले होते.

या शिकवणीला फी नव्हती. अट एकच होती. परत आल्यावर इथे यायचं आणि कुठे काय विचारलं, कुठे अडलं, हे जसंच्या तसं सांगायचं. काकूंना परदेशाबद्दल जे काही माहीत होतं ते सगळं असं जमलेलं होतं, दुसऱ्यांच्या चुकांमधून. कुणी सरकत्या जिन्यापाशी अडलं, म्हणून त्या नव्या माणसांना बाजारातल्या मोठ्या दुकानात सकाळी गर्दी व्हायच्या आधी घेऊन जात आणि जिना चढउतार करवत. दुकानाच्या रखवालदाराला त्यांची सवय झाली होती.

पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाला विचारत, “कुठे निघालात?” उत्तरात देशाचं नाव क्वचितच येई. “धाकट्याकडे.” “लेकीकडे.” “नातू झालाय ना, तिकडे.” एक आजी तर तिसऱ्या खेपेला निघाल्या होत्या तरी त्यांना देशाचं नाव आठवत नव्हतं. त्यांनी थंडीवरून तो ओळखला होता. काकू तेव्हा दम देत. देशाचं नाव, गावाचं नाव, मुलाचा पत्ता, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. कारण पुढे टेबल होतं, आणि टेबलामागे साहेब होते.

साहेब म्हणजे काकूंचे यजमान. ते साहेब कधीच नव्हते. त्यांनी आयुष्यभर बस चालवली. काकूंचा आवाज त्यांनी आधी ऐकला आणि चेहरा नंतर पाहिला, असं ते सांगत. “ही माझी गाडी सोडायची, आणि मग तिनेच मला कायमचं फलाटाला लावलं,” हा त्यांचा ठरलेला विनोद. शिकवणीत त्यांच्याकडे परक्या देशातल्या अधिकाऱ्याचं काम होतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते टेबलामागे बसत, हात पुढे करून पासपोर्ट मागत, आणि मग एकेक प्रश्न, पाठ केलेल्या इंग्रजीत, चेहऱ्यावरची माशी हलू न देता. कुठून आलात? कशासाठी आलात? कुणाकडे राहणार? परत कधी जाणार? उत्तरं नीट आली की मूठ वर जाई आणि टेबलावर ठप्प आपटे. तो शिक्का. काही माणसं त्या आवाजाने इतकी सुखावत की खरा शिक्का मिळाल्यासारखी वळून हसत.

साहेबांनी कुणालाच नापास केलं नाही. चुकलं तर पुन्हा विचारायचे, पण शेवटी ठप्प व्हायचंच. अपवाद फक्त एका व्यक्तीचा.

ती त्यांची एकुलती लेक. ही सगळी तालीम सुरू झाली ती तिच्यामुळे. तिला परदेशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली, आणि विमानतळावर आपण तोंडघशी पडू या भीतीने ती जेवेनाशी झाली. तेव्हा बापाने टेबल ओढलं, शर्ट चढवला आणि म्हणाला, “ये, विचारतो तुला.” तिने सगळी उत्तरं बरोबर दिली. परत कधी जाणार, या शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, “करार संपला की.” साहेबांची मूठ वर गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी ती हळूच खाली घेतली, आवाज न करता, आणि इंग्रजी सोडून घरच्या भाषेत सांगितलं, “परवानगी नाही. परत जा. तुमची आई जेवायची थांबलीय.”

लेक हसली. आतून काकू ओरडल्या, “अहो, सोडा तिला!” पण जायच्या दिवसापर्यंत रोज तालीम झाली आणि रोज साहेबांनी तिला हेच वाक्य ऐकवलं. शेवटी ती ठप्प न मिळवताच गेली. पुढे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला ते वाक्य आलं नाही. “ती परवानगी आमच्या घरची आहे,” साहेब म्हणत, “बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या घरी विचारा.”

साहेबांचा आजार कधी सुरू झाला हे काकूंना नक्की सांगता येत नाही, आणि त्याचं कारण हे टेबलच आहे. साहेब एकच प्रश्न दोनदा विचारू लागले, मग तीनदा. समोरच्या माणसाला वाटे, आज साहेब कडक आहेत. उलट काकूंना बरं वाटलं, कारण खरे अधिकारी तसं करतात असं परत आलेले सांगत. माणूस विसरतो आहे हे घरात दिसलं असतं, दुकानात दिसलं असतं. त्या टेबलामागे ते दिसलं नाही. दिसलं ते एका संध्याकाळी, साहेब कोपऱ्यावरून दूध आणायला गेले आणि बसच्या डेपोत जाऊन आपली गाडी मागू लागले तेव्हा. तिथल्या एका जुन्या मेकॅनिकने त्यांना रिक्षातून घरी आणलं. जिन्यात तो काकूंना इतकंच म्हणाला, “वहिनी, दवाखान्यात दाखवा.”

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, औषध सांगितलं, आणि औषधाने फार काही होणार नाही हेही सांगितलं. काकूंनी ते कुणाला कळू दिलं नाही. शिकवणी चालू राहिली. लेकीला मात्र फोनवर सांगावं लागलं, कारण बाबा तिला हल्ली दर वेळी “पोचलीस का?” असं विचारत होते.

लेक तेव्हा गरोदर होती. तिकडच्या डॉक्टरांनी विमानप्रवास पूर्ण बंद केला होता. ती म्हणाली, “आई, बाळंतपण होऊ दे, मग मीच येते बाळाला घेऊन.”

काकूंनी साहेबांच्या डॉक्टरांना विचारलं की तेवढं थांबलं तर चालेल का.

“चालेल म्हणजे काय?” डॉक्टर म्हणाले. “त्यांची तब्येत ठणठणीत आहे. पण मुलीला ओळखतील का असं विचारत असाल, तर त्याची खात्री मी पुढच्या महिन्याचीही देणार नाही. जायचं असेल तर आता जा.”

म्हणून जायचं ठरलं. किती दिवस जायचं, कसं जायचं, हे सगळं मग त्या एका गोष्टीभोवती फिरू लागलं की बापाने लेकीला ओळखायला हवं, एकदा तरी, समोरासमोर. जावयाने फोनवर दोन रस्ते सांगितले. एका विमानाने गेलं तर थेट लेकीच्या गावात उतरता येत होतं, पण मध्ये एका तिसऱ्याच देशात विमान बदलायचं आणि संध्याकाळ तिथल्या बाकावर काढायची. दुसरं विमान सकाळी निघून सरळ जाणारं होतं, पण ते उतरणार दूरच्या मोठ्या शहरात. काकूंनी दुसरं घेतलं. संध्याकाळ झाली की साहेब कावरेबावरे होत, दार उघडून घरी जायचं म्हणत. ते घरात असतानाही. तिसऱ्या देशातल्या बाकावरून ते कुठल्या घरी निघाले असते, याचा विचार काकूंना करायचा नव्हता.

“त्या शहरात उतरलात तर मीच गाडीतून घ्यायला येईन,” लेक म्हणाली.

“एवढा रस्ता? अशा अवस्थेत? काही गरज नाही. जावई येतील.”

“आई, तू तिकडे सगळ्यांना शिकवतेस ना, कुणाकडे निघालात विचारलं की काय सांगायचं? मग? लेकीकडे येताय ना? लेक येईल.”

आता उरला तो काउंटर. काकूंना बाकी कशाची भीती नव्हती. त्यांच्याकडे एक माणूस येऊन गेला होता, त्याला नुसता खोकला होता तर तिकडे उतरल्यावर बाजूला बसवून ठेवलं होतं. एका जोडप्यात बायकोने नवऱ्याच्या वतीने उत्तरं दिली म्हणून दोघांनाही आत नेऊन वेगवेगळं विचारलं होतं. त्यावरूनच काकूंनी नियम केला होता आणि तो त्या प्रत्येकाकडून वदवून घेत: एका वेळी एकच माणूस, बोलावल्याशिवाय पिवळी पट्टी ओलांडायची नाही, ज्याला विचारलं त्यानेच बोलायचं आणि विचारलं तेवढंच सांगायचं. दुखणंखुपणं आपण होऊन सांगायचं नाही.

डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं. “मी सर्टिफिकेट देतो. व्हीलचेअर मागून घ्या. समोर गेल्या गेल्या सांगून टाका की यांना आठवत नाही. लोक मदत करतात.”

काकूंनी सर्टिफिकेट घेतलं, चार घड्या घालून पर्सच्या तळाशी ठेवलं, आणि व्हीलचेअर मागितली नाही. एवढ्या लोकांना त्यांनी तयार केलं होतं. घरच्या माणसाला चार उत्तरं पाठ करून घेणं जमेल असं त्यांना वाटलं.

जमलं नाही. साहेबांना पट्टीच्या अलीकडे उभं केलं की ते टेबलाला वळसा घालून मागे जाऊन बसत.

“अहो, आज तुम्ही इकडे. मी विचारणार.”

“अगं, माझी खुर्ची ती आहे.”

“आज आपण बदल करू. सांगा, कशासाठी आलात?”

“ते तू सांगायचं असतं,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणत. “घाबरू नकोस. सावकाश सांग.”

काकूंनी खुर्ची काढून टाकली, तर ते टेबलामागे उभे राहिले. टेबल भिंतीला लावलं, तर गोंधळून खोलीभर ते शोधत फिरले. शेवटी काकूंनी खालच्या मजल्यावरच्या टेलरला बोलावलं आणि खरं कारण न सांगता अधिकारी म्हणून बसवलं. टेलर गळ्यात टेप तसाच घेऊन आला होता.

“उठा,” साहेब त्याला म्हणाले.

“साहेब, आज माझी ड्युटी आहे.”

“बदलीची ऑर्डर दाखवा.”

टेलर हसू लागला. मग त्याने काकूंकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. जाताना दारात तो म्हणाला, “काकू, काही लागलं तर हाक मारा. मशीन बंद करून येईन.” त्याला समजलं होतं. त्याने गल्लीत कुणाला सांगितलं नाही.

साहेबांकडे प्रश्न शिल्लक होते, उत्तरं गेली होती. काकूंना हे कळलं तेव्हा निघायला फार वेळ उरला नव्हता.

विमानतळावर जायला टॅक्सी सांगितली होती. साहेब न विचारता पुढच्या सीटवर बसले आणि गाडी गल्लीबाहेर पडताच ड्रायव्हरला शिकवू लागले.

“चढ आहे. तिसऱ्यात घे.”

“काका, ही ऑटोमॅटिक आहे. गियर आपोआप पडतो.”

“मग तू कशाला बसलायस?”

ड्रायव्हर मोठ्याने हसला. काकू मागे पासपोर्ट हातात धरून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, असंच राहू दे, तिकडे पोचेपर्यंत एवढंच राहू दे.

विमानतळ त्यांना ओळखीचा वाटला आणि परकाही. सगळं लोकांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने येत होतं, फक्त प्रत्येक गोष्ट फार मोठी होती. ट्रेमध्ये चपला ठेवताना साहेबांनी शेजारच्या तरुणाला “पट्टा राहिला तुमचा” म्हणून टोकलं. देश सोडतानाच्या काउंटरवर काकू मनात चारही उत्तरं घोकत होत्या, पण तिथल्या माणसाने दोघांचे पासपोर्ट उघडले, चेहरे पाहिले आणि काही न विचारता शिक्के मारले. साहेबांना ते आवडलं नाही.

“काहीच विचारलं नाही त्याने,” ते चालता चालता म्हणाले. “अशाने कसं चालेल?”

विमानात त्यांना खिडकी मिळाली. ढग बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आपण कुणाकडे निघालोय?”

“लेकीकडे.”

“ती पोचली का?”

“पोचली.”

“सोडलं तिला त्यांनी?”

काकूंना क्षणभर कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, “सोडलं.” साहेबांनी मान हलवली, बरं झालं या अर्थी की वाईट झालं या अर्थी, ते समजण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, आपण कुणाकडे निघालोय. प्रवासभर हे चाललं. प्रत्येक वेळी काकू पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देत राहिल्या.

उतरल्यावरचा हॉल लांबलचक होता आणि काउंटर ओळीने होते. काकूंनी बेत केला होता की आपण आधी पुढे जायचं, आपली उत्तरं द्यायची आणि मग विचारलंच तर यजमान मागे आहेत असं सांगायचं. पण रांग लावणाऱ्या बाईने मोकळ्या काउंटरकडे बोट केलं, आणि काउंटर दिसताच साहेब स्वतःहून निघाले. कामावर निघालेला माणूस जातो तसे, खांदे ताठ करून. काकूंचं पाऊल उचललं गेलं आणि खाली बघून थांबलं. फरशीवर पिवळी पट्टी होती. घरच्यापेक्षा रुंद, पण तशीच पिवळी. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे पाय त्यांनी जिथे थांबवले, तिथे त्यांचे पाय थांबले.

तिथून त्यांना सगळं दिसत होतं. काचेमागे तरुण अधिकारी होता. साहेबांनी पलीकडे जायला वाट आहे का ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. वाट नव्हती. मग ते समोरच उभे राहिले. अधिकाऱ्याने पासपोर्टसाठी हात पुढे केला. साहेबांनीही पासपोर्टसाठी हात पुढे केला. दोघांचे हात काचेच्या फटीत क्षणभर समोरासमोर राहिले.

अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं. साहेबांनीही विचारलं. कुठून आलात? अधिकाऱ्याने आवाज चढवला. साहेब घाबरले नाहीत. चुकणाऱ्याला ते पुन्हा विचारत आले होते. कशासाठी आलात? शेजारच्या काउंटरवरची माणसं वळून बघू लागली. अधिकाऱ्याने टेलिफोन उचलला आणि लांब भिंतीशी उभा असलेला एक गणवेशातला माणूस तिकडे चालू लागला.

त्या क्षणी काय वाटलं, असं विचारलं तर काकू एवढंच सांगतात की त्यांना बसस्थानक आठवलं. गर्दीत लहान मूल हरवलं की आई-बाप काचेच्या खोलीपाशी धावत येत, पण आधी इकडेतिकडे शोधण्यात, लाजण्यात बराच वेळ घालवून येत. काकू त्यांच्यावर चिडत. आधी का नाही सांगितलंत? सांगायचं असतं. मोठ्याने सांगायचं असतं.

त्यांनी पट्टी ओलांडली. रांगेवरची बाई “थांबा” म्हणाली, त्या थांबल्या नाहीत. पण पोचायला अंतर होतं आणि गणवेशातला माणूस जवळ होता, म्हणून त्यांनी चालता चालता माइकशिवाय, फलाटाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात, शिष्यांना शिकवता शिकवता शिकलेल्या इंग्रजीत सांगितलं, “ते माझे पती आहेत. ते आजारी आहेत. त्यांना आठवत नाही.”

इतके महिने गल्लीपासून लपवलेली गोष्ट त्यांनी परक्या देशातल्या शेकडो माणसांना एका दमात ऐकवली होती. साहेबांनी वळून पाहिलं. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

त्यांना एका बाकावर बसवलं. पर्सच्या तळातलं सर्टिफिकेट निघालं, घड्यांवर फाटू लागलेलं. एक वयस्कर अधिकारी बाई आल्या, त्यांनी ते वाचलं, बाहेर वाट बघणाऱ्या लेकीला फोन लावून खात्री केली आणि काकूंना सगळे प्रश्न विचारले. काकूंनी या वेळी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. मधेच साहेबांनी त्या बाईंना विचारलं, “परत कधी जाणार?”

“हे काय विचारतायत?” बाईंनी काकूंना विचारलं.

“तुम्ही परत कधी जाणार ते. घरी ते अधिकारी होतात. आमच्या शिकवणीत.”

बाई हसल्या नाहीत. घड्याळ पाहून त्यांनी साहेबांना सरळ उत्तर दिलं, “संध्याकाळी. ड्युटी संपली की.”

साहेबांची मूठ वर गेली आणि बाकाच्या लाकडी हातावर ठप्प आपटली. बाई पास झाल्या. त्यानंतर त्यांनी स्वतः जाऊन दोघांच्या पासपोर्टवर शिक्के मारून आणले.

बाहेरच्या दारापलीकडे लोखंडी कठडा होता आणि कठड्यापाशी लेक उभी होती. एक हात पोटावर, दुसरा कठड्यावर. पाय सुजलेले होते, सँडलचे पट्टे तिने सैल सोडले होते. जावई मागे पाण्याची बाटली घेऊन उभा होता. काकू ट्रॉली ढकलत होत्या, साहेब ट्रॉलीच्या बाजूने चालत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे सारख्याच नजरेने बघत होते. त्याच नजरेने त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि पुढे पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली.

साहेब थांबले. तिच्या चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला, आणि इंग्रजीत विचारलं, “कुठून आलात?”

लेकीने आईकडे पाहिलं. लेकीचा चेहरा आधी उतरला, मग तिने कठडा सोडला, ताठ उभी राहिली आणि उत्तर दिलं. आपल्या गावाचं नाव सांगितलं.

“कशासाठी आलात?”

“नोकरीसाठी. इस्पितळात.”

“कुणाकडे राहणार?”

तिने मागे बोट केलं. जावयाने, काय करावं न सुचून, बाटली वर करून दाखवली.

“परत कधी जाणार?”

ती या प्रश्नाला अडली. करार कधीच संपला होता, दुसरा झाला होता, घर झालं होतं, आता मूल होणार होतं. “माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही.”

साहेबांची मूठ वर गेली. ट्रॉलीच्या दांडीवर काकूंचे हात घट्ट झाले. मूठ वरच राहिली. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मग ती हळूहळू खाली आली, कशावरही न आपटता, आणि साहेब इंग्रजी सोडून घरच्या भाषेत म्हणाले, “परवानगी नाही. परत जा. तुमची आई जेवायची थांबलीय.”

लेकीने तोंडावर हात ठेवला. मग तो काढून म्हणाली, “हो बाबा. ही काय, इथेच थांबलीय ती. चला, जेवू या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली, आणि पुढे तिथे असेपर्यंत तीच हाक राहिली. तिचा नर्सचा गणवेश दारामागे टांगलेला असे. बाळ झालं, त्याला त्यांनी मांडीवर घेतलं, ते कुणाचं हे विचारलं नाही. नोकरी, बाळ सगळं सांभाळून लेकीने आईबाबांना शक्य तेवढं ठेवून घेतलं, आणि मग ती दोघं परत आली. या खेपेला काकूंनी व्हीलचेअर मागितली.

शिकवणी पुन्हा सुरू आहे. टेबल तिथेच लागतं, पण टेबलामागे आता टेलर बसतो, दुकान बंद केल्यावर, गळ्यात टेप. साहेब खिडकीकडच्या खुर्चीत असतात, विमानात. काकू जुने नियम अजून वदवून घेतात, फक्त शेवटचा बदलला आहे. दुखणं असेल तर आधी सांगायचं, मोठ्याने सांगायचं. आणि गरज पडली तर पट्टी ओलांडायची.

परवा एक नवं जोडपं आलं होतं. मुलाकडे निघालं होतं. बाई धास्तावल्या होत्या. त्यांनी विचारलं, “काकू, एवढ्या लांब जाऊन तिथून परत पाठवतात का हो कुणाला? तुमच्या इथून गेलेल्यांपैकी कुणाला नाकारलं?”

काकू सरकती कडी पुसत होत्या. “एकीला,” त्या म्हणाल्या. “इथेही आणि तिकडेही.”

खिडकीपाशी साहेब बाहेर बघत बसले होते. त्यांच्यासमोर चहा निवत होता. काकूंनी फडकं खांद्यावर टाकलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि पेला तोंडाशी धरून घोषणा केली की गेट बदललं आहे. नवं जोडपं गडबडीने उठलं. साहेब जागचे हलले नाहीत, पण त्यांनी मान आवाजाच्या दिशेने वळवली.